उरलेले सात रोजे

साताऱ्याच्या एका मुलीनं विचारलंय. वय चोवीस, ऑफिसात नोकरी, घरी आई-वडील आणि दोन धाकटे भाऊ. तिचं म्हणणं थोडक्यात असं : "आपा, दहा-अकरा वर्षांची असल्यापासून रोजे धरते. पण खरं सांगते, भूक, डोकेदुखी आणि चिडचिड यापलीकडे मला काही जाणवत नाही. सगळे म्हणतात रमजानमध्ये रूह, म्हणजे आत्मा, हलकी होते. मी तर दुपारी तीन वाजता आईवर खेकसते. त्यात पाळीत सुटलेले सात रोजे अजून बाकी आहेत. रमजान सरल्यावर एकटीनं धरायचं जिवावर येतं. मग माझ्या रोज्यांना काही अर्थ आहे का?"

पोरी, आहे. आणि माझ्या मते तो त्या उरलेल्या सात रोज्यांतच जास्त आहे. पण तिथवर यायला जरा वेळ लागेल, बैस.

आधी मी कोण ते सांगते, म्हणजे माझं बोलणं किती मनावर घ्यायचं ते तुला ठरवता येईल. मी मिरजेची. घरी शिलाई मशीन चालवते आणि तीसेक वर्षं दुपारच्या वेळी गल्लीतल्या मुलींना कुराण वाचायला शिकवते. आलिमा, म्हणजे धर्मशास्त्र शिकलेली, नाही. बारीक मसला, म्हणजे नियमाचा प्रश्न, असेल तर जाणत्या आलिमांनाच विचारावा. माझ्याकडे आहे तो अनुभव. पहिला रोजा धरला १९७८ च्या ऑगस्टमध्ये, तेव्हा दहा वर्षांची होते. चांद्र वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान असतं, त्यामुळे रमजान दरवर्षी मागे सरकतो आणि तेहेतीसेक वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. मी पावसाळ्यात सुरुवात केली. मे-जूनचे कडक रोजे दोनदा पाहिले, एकदा पंधरा-सोळाची असताना आणि एकदा पन्नाशीला टेकल्यावर. आमच्या भागात उन्हाळ्यातला रोजा साडेचौदा तासांच्या आसपास जातो, थंडीतला साडेबारा. २०३० साली तर जानेवारीत एक रमजान सुरू होईल आणि डिसेंबर संपता संपता दुसरा. हयात असेन तर तेही बघेन.

डोकेदुखीत अध्यात्म शोधू नकोस, ती चहाची आहे. दिवसाला चार-पाच कप पिणाऱ्या माणसाचा चहा एकदम तुटला की पहिले काही दिवस कपाळ ठणकतंच. रमजानच्या आधीचा शाबान महिना निम्मा सरला की एकेक कप कमी करत जा. सहरला, म्हणजे रोज्याआधीच्या पहाटेच्या खाण्यात, तळलेलं टाळ, शाळूची भाकरी आणि दही खा, पाणी पी. एवढ्यानं भागेल.

चिडचिडीचं मात्र तसं नाही. तिच्याकडे नीट बघायला हवं.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते. ईदचं शिवण साठलं होतं. तरावीह, म्हणजे रमजानमधली रात्रीची जादा नमाज, झाली की मी मशीनवर बसायची ती दोन वाजेपर्यंत, मग तासाभराची झोप आणि सहर. अशाच एका दुपारी मुली आल्या. त्यांत एक आठ-नऊ वर्षांची होती. अक्षरावर ठेवायला खराट्याची काडी हातात धरलेली. मोठा काफ हे अरबी अक्षर घशाच्या मुळातून यावा लागतो, हिचा वरच्यावर यायचा. चौथ्यांदा चुकली तशी मी ती काडी तिच्या हातातून हिसकावली आणि म्हणाले, "डोक्यात भुसा भरलाय का तुझ्या?" ती काही बोलली नाही. पानावर टपकन एक थेंब पडला. अक्षर फिसकटू नये म्हणून तिनं तो ओढणीच्या टोकानं अलगद टिपला आणि पुन्हा काफवर बोट ठेवलं. मुली उठून गेल्यावर तिची मोठी बहीण मागे राहिली. म्हणाली, "आपा, आज तिचा पहिला रोजा आहे."

त्या संध्याकाळी बांग झाली, मी खजूर तोंडात टाकला. मसल्यानं बघशील तर माझा रोजा पुरा होता. पहाटेपासून घोटभर पाणी पोटात गेलं नव्हतं. पण मी मुलींना कित्येकदा वाचून दाखवलेली बुखारी शरीफ या जुन्या संग्रहातली हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, त्या दिवशी मलाच येऊन बसली : जो खोटं बोलणं आणि खोटं वागणं सोडत नाही, त्यानं खाणंपिणं सोडावं याची अल्लाहला गरज नाही. आणि दुसरी एक, की कित्येक रोजेदारांच्या पदरात भुकेशिवाय काही पडत नाही. तू जे विचारलंस ना, भुकेपलीकडे काही जाणवत नाही म्हणून, ते चौदाशे वर्षांपूर्वी सांगून ठेवलेलं आहे. तू पहिली नाहीस.

भुकेनं राग जन्माला येत नाही. तो आधीपासून आतच असतो, एरवी आपण त्याच्यावर चहा-बिस्कीट टाकून त्याला झोपवतो. रमजानमध्ये ते झाकण निघतं आणि आपण किती तिखट आहोत हे आपल्यालाच दिसतं. मला ही रोज्याची पहिली शिकवण वाटते, आणि ती काही गोड नाही. तुला दुपारी तीन वाजता जे दिसतं ते खरं आहे. ते दिसलं म्हणून रोजा वाया गेला असं समजू नकोस. दिसलं, आता पुढं काय करायचं, असं स्वतःला विचार. हदीसमध्ये रोज्याला ढाल म्हटलंय आणि सांगितलंय की कोणी भांडायला आलं, शिवी दिली, तर म्हण, मी रोज्यानं आहे. हे समोरच्याला ऐकवायचं की मनातल्या मनात म्हणायचं यावर उलेमांची, म्हणजे धर्मपंडितांची, दोन मतं आहेत. मी आपलं मनातच म्हणते. समोरच्याला ऐकवलं की त्यात मोठेपणा शिरतो, निदान माझ्या तरी शिरतो.

मोठे धर्मपंडित इमाम गझालींनी नऊशे वर्षांपूर्वी रोज्याचे तीन दर्जे सांगितले. पहिला पोटाचा. दुसरा डोळे, कान, जीभ, हात, पाय यांचा. तिसरा मनाचा, जिथं अल्लाहशिवाय दुसरा विचारच येत नाही. तिसऱ्याबद्दल मी बोलत नाही, ती मोठ्या लोकांची गोष्ट आहे. आपलं सगळं आयुष्य पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधल्या उंबऱ्यावर जातं. पण उंबऱ्यापर्यंत आलेलं माणूस घराबाहेर नसतं, एवढं लक्षात ठेव. त्या मुलीची मी दुसऱ्या दिवशी सगळ्या मुलींसमोर माफी मागितली. मोठ्या माणसानं लहान पोरीची माफी मागायची, आणि तीही उपाशीपोटी, हे मला त्या वर्षीच्या तीसही रोज्यांपेक्षा जड गेलं.

आता मूळ गोष्टीकडे येते.

कुराणात सूरह बकरामध्ये, १८३ व्या आयतीत, रोजे फर्ज, म्हणजे बंधनकारक, केल्याचं येतं. हिजरीचं, म्हणजे पैगंबर मदिनेला गेल्यापासूनचं, दुसरं वर्ष होतं ते. कारणही तिथंच दिलंय : तुमच्यात तकवा यावा म्हणून. तकव्याचं भाषांतर लोक 'अल्लाहची भीती' असं करतात. मला ते अपुरं वाटतं. जुन्या तफसीरींत, म्हणजे कुराणावरच्या भाष्यांत, एक प्रसंग येतो. पैगंबरांचे साथीदार हजरत उमर यांनी दुसरे साथीदार हजरत उबई बिन काब यांना विचारलं, तकवा म्हणजे काय? त्यांनी उलट विचारलं, तुम्ही कधी काटेरी वाटेनं गेलाय? गेलोय. मग काय केलंत? कपडे आवरून, जपून चाललो. तोच तकवा. आपल्याकडच्या मुलीला हे वेगळं समजवावं लागत नाही. बाभळीच्या बनातून पदर आवरून कसं चालतात ते तिला ठाऊक असतं. त्यात भीती थोडी, भान जास्त.

हे भान रोज्यातून कसं येतं ते मला माझ्या पहिल्या रोज्याला कळलं, फक्त ते कळलंय हे समजायला पुढं बरीच वर्षं गेली. ऑगस्टचा दिवस, पावसानं उघडीप दिलेली, हवेत दमट उकाडा. असरच्या, म्हणजे दुपार उतरतानाच्या, नमाजासाठी मी परसात वजू करत होते, म्हणजे हात-पाय-तोंड धूत होते. वजूत तीनदा चूळ भरायची असते. एरवी खळखळून, घशापर्यंत पाणी नेऊन भरतात, रोज्यात तेवढं आत न्यायचं नसतं. मी ओंजळीनं पाणी तोंडात घेतलं. रांजणातलं गार पाणी. दुपारपासून टाळूला चिकटलेली जीभ एकदम सुटली. परसात कोणी नव्हतं. अम्मी आत पीठ मळत होती, परातीचा आवाज येत होता. पाणी माझ्या तोंडात होतं, घशापासून बोटभर अंतरावर. गिळलं असतं तर जगात कोणाला कळणार होतं? मी बराच वेळ तशीच बसले. मग थुंकले. दुसरी चूळ घेतली, थुंकली. तिसरी घेतली, थुंकली.

संध्याकाळी घरचे माझं कौतुक करत होते. नवे कपडे, गळ्यात हार, शेजारच्या काकूंनी हातावर रुपया ठेवलेला. पण त्या तीन चुळांचं कोणाला माहीत नव्हतं. आजही रोज्यात वजू करताना मला तो रांजण आठवतो.

नमाज लोकांना दिसते. जकातीचं दान घेणाऱ्याला तरी कळतं. हजला जाणाऱ्याला सोडायला अख्खी गल्ली येते. रोजा तसा नाही. कोणी खोलीचं दार लावून पाणी पिऊन आलं आणि इफ्तारला सगळ्यांसोबत बसलं, तर त्याला पकडायला कोणी नाही. हदीस-ए-कुदसीमध्ये, म्हणजे पैगंबरांनी सांगितलेल्या अल्लाहच्या बोलात, अल्लाह म्हणतो, माणसाचं प्रत्येक काम त्याच्या स्वतःसाठी आहे, रोजा सोडून. तो माझ्यासाठी आहे आणि त्याचा मोबदला मीच देईन. याचे अर्थ उलेमांनी बरेच सांगितलेत. माझ्या मनाला पटलेला अर्थ हा, की रोजा ही दोघांतलीच गोष्ट आहे, तिसरा साक्षीदार नसलेली.

म्हणून मी म्हटलं, तुझ्या सात रोज्यांत अर्थ जास्त आहे. रमजानमध्ये अख्खा मोहल्ला तुझ्यासोबत उपाशी असतो. पहाटे सहरला उठवणारे असतात, संध्याकाळी खजुराचं ताट समोर येतं, ऑफिसातही लोक कौतुकानं "रोजा आहे का?" म्हणून विचारतात. ती बरकतच आहे, मी तिला कमी लेखत नाही. पण कजा, म्हणजे राहून गेलेला, रोजा तू आडवारी धरतेस. घरात कांदेपोहे झालेले असतात, भाऊ समोर वडापाव खात असतात, ऑफिसात कोणाच्या वाढदिवसाचा केक कापला जातो आणि तू काहीतरी कारण सांगून बाजूला होतेस. बांग होते तेव्हा घरात कोणाचं लक्षही नसतं. तू एकटीच पाण्याचा ग्लास उचलतेस. पहिल्या रोज्याला मी परसात जी होते, ती तू त्या दिवशी असतेस.

आणि उशीर झाला म्हणून शरमू नकोस. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशा स्वतः सांगतात की माझ्यावर रमजानचे रोजे बाकी राहायचे आणि ते मला शाबान येईपर्यंत धरता यायचे नाहीत. म्हणजे पुढचा रमजान दारात आल्यावर. पैगंबरांच्या घरातल्या बाईची ही गोष्ट आहे. पाळीच्या दिवसांतल्या नमाजा माफ आहेत, रोजे मात्र नंतर भरायचे, हेही त्यांच्याच सांगण्यातून आपल्यापर्यंत आलं. रमजाननंतरच्या शव्वाल महिन्यातल्या सहा नफील, म्हणजे ऐच्छिक, रोज्यांसाठी मुली एकमेकींना धरून उत्साहानं बसतात आणि कजा तसेच राहतात, हे मी दरवर्षी बघते. माझं मत विचारशील तर आधी देणं फेडावं.

पाळीवरून आठवलं, हे स्पष्ट बोलायलाच हवं. कित्येक घरांत मुली त्या पाच-सहा दिवसांत रोजा असल्याचं सोंग आणतात. बाप-भावांना कळू नये म्हणून सहरला उठून बसतात, दिवसभर काही खात नाहीत, खाल्लं तर मोरीत उभ्यानं बिस्कीट खातात. मीही केलंय हे. आता माझ्याकडे येणाऱ्या मुलींना सांगते, त्या दिवसांत रोजा न धरणं हाच हुकूम आहे. हुकूम मानणाऱ्या बाईनं चोरासारखं का खावं? लोकांसमोर ताट घेऊन बसू नकोस, तेवढा अदब ठेव, पण पाटावर बसून, बिस्मिल्लाह म्हणून पोटभर जेव. त्या दिवशी तुझं ते जेवणच आज्ञापालन आहे. आयांना माझी हात जोडून विनंती आहे, मुलग्यांना हे वेळेत समजावून सांगा. एवढ्यानं घरातल्या मुलींचे किती दिवस सुखाचे जातील.

स्वयंपाकघराबद्दल तू काही लिहिलं नाहीस, पण तीन वाजताच्या भांडणाचं मूळ बहुतेक तिथंच असणार. ऑफिसातून आलेली तू आणि सकाळपासून राबलेली आई, दोघी उपाशी, समोर कढई. आपल्याकडे 'एकादशी अन् दुप्पट खाशी' म्हणतात. माझ्या शेजारच्या काकू, मघाशी सांगितलेला रुपया देणाऱ्या, निर्जळी एकादशी करायच्या आणि त्या हे हसून म्हणायच्या. पण मला विचारशील तर ते आम्हालाच जास्त लागू पडतं. अकरा महिन्यांत जेवढी भजी तळली जात नाहीत तेवढी या एका महिन्यात. महिन्याचं तेल पंधरा दिवसांत संपतं. पैगंबरांचा इफ्तार ताज्या खजुरावर व्हायचा, ताजा नसला तर सुक्या, तोही नसला तर दोन घोट पाण्यावर. मी दहा-बारा वर्षांपूर्वी घरात ठरवलं, इफ्तारला खजूर, पाणी, एखादं फळ आणि तळणाचा एकच पदार्थ. पहिल्या आठवड्यात कुरकुर झाली. नंतर माझ्या मुलानंच एका संध्याकाळी विळीवर बसून कलिंगड कापलं. त्याच्या बापानं उभ्या आयुष्यात विळी हातात धरली नव्हती.

यावर एक हदीस आहे, ती भावांना वाचून दाखव. एका प्रवासात, कडक उन्हाच्या दिवशी, काही जण रोज्यानं होते, काहींचा रोजा नव्हता. मुक्कामाला पोचल्यावर रोजेदार थकून पडले. ज्यांचा रोजा नव्हता त्यांनी तंबू ठोकले, जनावरांना पाणी पाजलं. पैगंबर म्हणाले, आजचं सगळं पुण्य रोजा नसलेले घेऊन गेले. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला माझ्या अम्मीचे परातीतले हात दिसले. ती सगळ्यांच्या आधी उठायची, सगळ्यांच्या शेवटी निजायची, आणि आमटीतलं मीठ बघायला जिभेच्या टोकावर थेंब ठेवून लगेच थुंकून टाकायची. गरज असेल तर तेवढी सूट आमच्या हनफी मसलकात, म्हणजे आम्ही पाळतो त्या पंथात, आहे. तीस दिवस, आमटीचा एक थेंब जिभेवर आणि परत बाहेर. तिनं अध्यात्माबद्दल कधी एक शब्द उच्चारला नाही.

आजारपणाचं थोडक्यात सांगते. माझ्या सासऱ्यांना मधुमेह होता, इन्शुलिन चालू होतं, डॉक्टर नको म्हणत असताना हट्टानं रोजे धरायचे. एकदा जुम्याच्या, म्हणजे शुक्रवारच्या, दिवशी गार घामानं भिजून मशिदीच्या पायरीवर बसले ते उठेनात. रोज्याच्याच आयतींमध्ये म्हटलंय की अल्लाहला तुमच्यासाठी सोपेपणा हवाय, अडचण नकोय. आजारी आणि प्रवासी माणसानं नंतर भरावेत, ज्याला पुढंही जमणारच नाही त्यानं गरिबाला जेवण द्यावं. सूट नाकारण्यातही कधी कधी मोठेपणाची हाव असते. सासऱ्यांना हे पटवायला मला दोन रमजान लागले.

चुकलं तर काय, ही धास्ती तुझ्या प्रश्नात कुठंतरी आहे असं मला वाटलं. म्हणून बुखारी शरीफमधली आणखी एक गोष्ट. एक माणूस पैगंबरांकडे धावत आला, माझा सर्वनाश झाला म्हणाला. त्यानं रोजा जाणूनबुजून मोडला होता. पैगंबरांनी विचारलं, गुलाम मुक्त करशील? ऐपत नाही. सलग साठ रोजे? झेपणार नाही. साठ गरिबांना जेवण? तेही नाही. मग कुठूनतरी खजुरांची टोपली आली, ती त्याला दिली, जा, दान कर. तो म्हणाला, मदिनेच्या या दोन काळ्या खडकाळ पट्ट्यांच्या मध्ये माझ्या घरापेक्षा गरीब घर कुठलं? पैगंबर इतके हसले की दात दिसले, आणि म्हणाले, जा, घरच्यांना खाऊ घाल. शिक्षा मागायला आलेला माणूस खजूर घेऊन घरी गेला. रोजा ज्यानं शिकवला तो असा हसणारा होता, हे मुलींनी विसरू नये म्हणून मी ही गोष्ट दर रमजानला सांगते.

राहिलं रूह हलकी होण्याचं. खरं सांगू? माझी इतक्या वर्षांत मोजून चार-पाच वेळा झाली असेल. रमजानच्या सत्ताविसाव्या, मोठ्या मानलेल्या रात्री रडून रडून दुआ मागितली, तेव्हा नाही झाली. झाली ती २०२० च्या लॉकडाऊनमध्ये. मशिदी बंद, रस्ते सुनसान, कोणाचं येणं-जाणं नाही, ईदचं शिवणही नाही. घरातच तरावीह पढली. नंतर मी एकटी भांडी घासत होते, राखेनं नाही, साध्या साबणानं, नळाची बारीक धार चालू. आणि एकदम वाटलं, आहे. कोणीतरी अगदी जवळ आहे. काही मागावंसं वाटलं नाही, हात पुसावेसेही वाटले नाहीत. किती वेळ गेला कोण जाणे. रोज्यांच्या आयतींच्या बरोबर मध्येच ती आयत येते, १८६ वी : माझे बंदे माझ्याबद्दल विचारतील तर सांग, मी जवळच आहे. आधी रोज्याचे नियम, नंतर रोज्याचे नियम, आणि मध्ये हे. ती तिथं का आहे ते मला त्या रात्री समजलं. पुढच्या रमजानला मी तसंच पुन्हा व्हावं म्हणून भांडी घासत उभी राहिले, तर काही झालं नाही. ते आपल्या हातात नाही. आपल्या हातात चूळ भरून थुंकणं आहे.

तर आता तुझे सात. सगळे एकदम धरायचा निश्चय करू नकोस, मोडतो. आठवड्याला एक धर, सोमवार किंवा गुरुवार. दोन महिन्यांच्या आत संपतील. आईला आदल्या रात्री सांग, म्हणजे सहरला तिला दचकायला नको, आणि त्या दिवशी संध्याकाळचा स्वयंपाक तू कर. वहीत सात रेघा ओढ, एकेक खोडत जा. मी बाळंतपणातले माझे असेच फेडले, मशीनच्या खणात खडूनं रेघा ओढून.

येत्या गुरुवारी पहिला धरत असशील तर मला कळव, मीही नफील धरते. मगरिबला, म्हणजे सूर्य मावळताना, फोन कर. साताऱ्यात सूर्य आमच्यापेक्षा दोन-तीन मिनिटं उशिरा मावळतो. आमच्याकडं आधी बांग होईल, मी घोटभर पाण्यानं रोजा सोडीन आणि खजूर तसाच हातात ठेवीन. तुमच्याकडं बांग झाली की दोघी मिळून खाऊ.